चव्वेचाळीस बसून, अकरा उभे

पिंपळगाव चावतं. सांगवी चावत न्हाई, पण चपला पळवतं. धारूर म्हातारं हाय, त्याला तीनच पाय हायत, तरी जेवायला सगळ्यात आधी तेच हजर.

हे मी गावांबद्दल बोलत न्हाई, कुत्र्यांबद्दल बोलतोय. अन् हे नीट न सांगितल्यामुळं वडवणीच्या आठवडी बाजारात मी मार खाता खाता वाचलो, ते पुढं येईलच.

ही सगळी कुत्री कंडक्टरची. कंडक्टर म्हणजे लाल गाडीवरचे, रिटायर झालेले. त्यांना नाव हाय, आडनाव हाय, आधार कार्ड हाय, पण वडवणीत ते कुणी वापरलेलं मी ऐकलं न्हाई. धारूर-बीड गाडीवर तीस वर्षं काढल्यावर माणसाचं नाव कंडक्टरच होतं. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला भोंग्या म्हणायचे. माझ्या आप्पे रिक्षावर दोन भोंगे होते अन् तिसरा माझ्या तोंडात हाय, असं त्यांचं मत.

माझा धंदा तव्हा जाहिरातीचा. साड्यांचा सेल, बियाणं, हरवलेली म्हैस, काय बी असो, भोंग्यावरून मी ओरडणार. आवाज काढायची खोड मला शाळेपासून. आठवीत हेडसरांचा आवाज काढून मी शिपायाला घंटा मारायला लावलती, अख्खी शाळा सव्वातीनला घरी. आता मी पुण्याला असतो. कंपनीला फोन लावल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारं जे मढं असतं, ते कधी कधी मीच असतो. पण दोस्त जमले की फर्माईश एकच. कंडक्टर कर.

कंडक्टर करायला सोपे. नाकात बोलायचं, घाई न्हाई करायची, अन् समोर कोण हाय ते बघायचंच न्हाई. "चला, पुढं सरका, पुढं सरका, मधी लई जागा हाय." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं मुरलं होतं की जागा कोणती बी असो, ते निघायचंच. लग्नाच्या पंगतीत निघायचं, दवाखान्याच्या रांगेत निघायचं. एकदा मयतीला गेलतो आमी दोघं. माणसं दारात गर्दी करून उभी. ह्यांच्या तोंडातून निघालं, "चला, आत सरका, मधी मोकळं हाय." मधी मयत होतं. अन् गंमत म्हणजे लोक सरकले.

दुसरी गोष्ट म्हणजे ते बसायचे न्हाईत. घरात च्या पिताना बी कपाटाला ढुंगण टेकवून, पाय फाकवून उभे. मी म्हणलं, "काका, खुर्ची हाय की." तर म्हणले, "वळण आलं म्हंजे?" धारूरच्या घाटात तीस वर्षं उभं राह्यल्यावर जमीन सपाट हाय हे त्यांच्या कंबरेला पटतच नव्हतं. माझ्या रिक्षात सुद्धा आत कधी टेकले न्हाईत. बाहेर लोंबकळून यायचे, अन् मी गिअर बदलला की मलाच म्हणायचे, "सावकाश हाण, आत लेडीज हायत." आत साड्यांचे बॅनर असायचे.

त्यांच्या घरात गणपतीच्या फोटोशेजारी एक फ्रेम होती. मी समजलो, आदर्श कर्मचारी वगैरे असंल. जवळ जाऊन वाचलं तर मेमो. चव्वेचाळीस सीटच्या गाडीत ब्याण्णव प्रवासी घेतले म्हणून खुलासा मागितलेला.

"हे कावून लावलं काका?"

"आमच्या घराण्यात ब्याण्णव दुसऱ्या कुणाला पडलेत का सांग."

"पण एवढी माणसं घेतली कावून?"

"त्यांनी हात दाखवला." एवढंच उत्तर. हात दाखवला की गाडी थांबली पायजे, अन् गाडी थांबली की माणूस आत आला पायजे. ह्याच्या पलीकडं त्यांचं शास्त्र गेलंच न्हाई.

कुत्र्यांना हात न्हाई. पण ते बी हात दाखवतेत, असं कंडक्टर म्हणायचे. रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात धारूरच्या उताराला एक कुत्रं टेम्पोखाली आलं. पाय लोंबत होता. कंडक्टरांनी ते टॉवेलात गुंडाळून वडवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं. तिथं नव्या डॉक्टर मॅडम आलत्या, कोल्हापूरकडच्या, वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्या म्हणल्या, हे जगायचं नाही काका, सुई देऊन शांत करू. कंडक्टर म्हणले, पाय काढा. पाय काढला. ते जगलं. जिथं सापडलं तिथलं नाव त्याला दिलं, धारूर. मग तीच पद्धत पडली. ज्या फाट्यावर चढलं ते नाव. एकाच फाट्यावर दोन सापडली तर एक खुर्द अन् एक बुद्रुक.

धारूर रस्त्याला त्यांचं अर्धा एकर रान होतं. तिथं त्यांनी भंगारात निघालेल्या एका गाडीचा सांगाडा लिलावातून आणून ठिवला. इंजिन न्हाई, टायर न्हाई, खाली विटा. आतली बाकडी मात्र जशीच्या तशी, नंबरासकट. मागं पत्र्याचं शेड, भोवती जाळी. झालं कुत्र्यांचं घर. काकू लेकीकडं गेल्या पुण्याला, वास जाईपर्यंत येणार न्हाई म्हणून. वास काही गेला न्हाई.

दारावर पाटी रंगवली: चढलेल्याला मधी उतरवलं जाणार न्हाई. अर्थ सरळ होता. कुत्रं लई आजारी पडलं, बरं व्हायची आशा सरली, की डॉक्टर सुई देतेत. इथं ते न्हाई. एकदा आत आलं की आपल्या मरणानं मरेपर्यंत त्याची सीट त्याची. लोक आधी हसले, मग लांबलांबून कुत्री घेऊन यायला लागले. कारण इथं आपल्या कुत्र्याला कुणी मारणार न्हाई, ही खात्री. अन् खात्री असली की माणूस कुत्रं सोडून मोकळा होतो, हे कंडक्टरांना उशिरा कळलं.

पहिल्या साली त्यांनी एकालाबी न्हाई म्हणलं न्हाई. सत्तरच्या वर कुत्री झाली. एका बाकड्यावर तीन-तीन. मॅडम म्हणून म्हणून थकल्या की काका, एवढी दाटी बरी नाही, एकाला काही झालं की सगळ्यांना होणार. कंडक्टर म्हणायचे, "मधी लई जागा हाय मॅडम." मग पावसाळ्यात साथ आली. आधी नाक गळायला लागलं, मग झटके. आठ दिसात नऊ कुत्री गेली. खरूज तर सगळ्यांनाच. कुणाला उतरवलं न्हाई, पण नऊ जण आपले आपणच उतरले. त्यांचे खड्डे उस्तादनं खांदले.

उस्ताद म्हणजे कंडक्टरांच्या गाडीचे ड्रायव्हर. वडवणीतलेच, मुसलमान गल्लीतले. मी त्यांना चाचा म्हणायचो. वीस वर्षं दोघं एका गाडीवर. रिटायर झाल्यावर चाचांनी स्टँडसमोर केळीचा गाडा लावला, पण मन कंडक्टरांच्या रानात. जाळी त्यांनीच ठोकली, पाण्याचा पाइप त्यांनीच आणला. अन् भांडण रोज. भांडणाचा विषय कुत्री नसायची, पंधरा वर्षांमागची एखादी बेल असायची.

"तू वो दिन बेल लेट मारा, इसलिए बैल आडवा आला."

"बैल आडवा आला कारण तू बिडी पेटवायलास."

"मैं बिडी पीताच नै."

"आता न्हाई पीत. तव्हा पीत व्हतास."

त्या साथीनंतर कंडक्टरांनी पाटीखाली आणखी एक ओळ रंगवली. बसून ४४, उभे ११. म्हंजे पंचावन्न. त्याच्या वर एक बी न्हाई. ब्याण्णववाल्या माणसानं ही ओळ स्वतःच्या हातानं लिहिली. ब्रश धुताना मला म्हणले, "भोंग्या, ही लिहायला पाटीपेक्षा जास्त जड गेली बघ."

आता अडचण अशी, की उतरवायचं कुणालाच न्हाई, अन् पंचावन्नच्या वर घ्यायचं न्हाई. मग नवं कुत्रं चढणार कसं? एकच वाट, आतल्या कुत्र्यांना घरं मिळायला पायजेत. म्हणून माझा भोंगा.

आठवडी बाजारात मी गाडी लावली अन् थेट कंडक्टरांच्याच आवाजात सुरू केलं. "पिंपळगाव. रंग काळा, राखणीला एक नंबर, फक्त चावतं. सांगवी. खरूज बरी झालीया, आता खाजवत न्हाई, चपला संभाळा." लोक लोळून हसायला लागले. पण बाजारात पिंपळगावचे लोक होते, अन् सगळा बाजार त्यांच्याकडं बघून हसायलाय. पिंपळगावच्या माजी सरपंचांनी माझी कॉलर धरली.

"आमच्या गावाचं नाव कुत्र्याला ठिवता बे?"

मी हेडसरांचा आवाज काढून बघितला, उपयोग झाला न्हाई. तेवढ्यात कंडक्टर आले. रिक्षाला टेकून उभे राह्यले. म्हणले, "तुमच्या फाट्यावर पोत्यात बांधून टाकलेलं सापडलं. पोतं अजून मपल्याकडं हाय. कुणाचं हाय त्याच्यावर लिहिलंय. वाचू का भोंग्यावरून?"

सरपंचांनी कॉलर सोडली. "नाव बदला मग."

"नाव बदलत न्हाई. कुत्रं घेऊन जा. कुत्रं गेलं की नाव गेलं."

सरपंच पिंपळगावला टेम्पोत घालून पिंपळगावला घेऊन गेले. पहिला चावा त्यांनाच. पण ठिवलं. पुढच्या बाजारी सांगवीचे लोक मी माईक हातात घ्यायच्या आधीच हजर, आमचं गाव पुकारू नका, आमी नेतो. महिन्याभरात सात कुत्री आपापल्या गावी गेली. अन् गेली म्हणून सुटली असं न्हाई. कंडक्टर चेकिंगला जायचे. न सांगता, भर उन्हाचं, दारात उभे. "कुत्रं दाखवा." जसं तिकीट दाखवा. एका ठिकाणी कुत्रं उन्हात साखळीला दिसलं, पाण्याची परात पालथी. कंडक्टरांनी साखळी सोडली अन् कुत्रं घेऊन चालत वडवणीला आले.

पण काही कुत्री अशी होती की ज्यांना कुणीच नेणार नव्हतं. आंधळी, लंगडी, म्हातारी. त्यांच्यात एक कपिलधार.

कपिलधारच्या देवळाच्या पायऱ्यांवर सापडली होती. पांढरी, एका कानावर तपकिरी ठिपका. मागचे दोन्ही पाय गेलेले. चाचांनी तिला लहान पोराच्या तीनचाकीची चाकं लावून गाडा करून दिला. मग काय, सबंध रानात तिच्यासारखं कुणी पळायचं न्हाई. वळणावर एक चाक उचलायची. चाचा म्हणायचे, "घाट में तो ये मेरेसे अच्छी चलायेगी." गाडीत दाराजवळची कंडक्टरची एकटी सीट असते, ती तिची. बाकीच्या कुत्र्यांना कंडक्टर वरडायचे, कपिलधारला न्हाई. तिला नुसतं म्हणायचे, "बाई, पुढं सरका की जरा." अन् ती सरकायची.

मागल्या उन्हाळ्याच्या आधी ती खाईनाशी झाली. पोटात गाठ. मॅडमनी बघितलं, परत बघितलं, बीडला नेऊन फोटो काढला. गाठ सगळीकडं पसरलेली. आधी ती नुसती कण्हायची, मग सकाळी उजाडल्यापासून वरडायला लागली. तिचा आवाज मला काढता येत न्हाई. म्हंजे येतो, पण मी काढत न्हाई.

मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "काका, आता हिला त्रास देऊ नका. सुई देते. झोप लागेल, बाकी काही कळणार नाही."

"मॅडम, पाटी वाचली का?"

"वाचली आहे."

"मग?"

"कपिलधारला वाचता येत नाही काका. तिला फक्त दुखतंय."

कंडक्टर खांबाला टेकून उभे. बाहेर बोट दाखवलं. धारूर मॅडमच्या स्कूटीचं सीट चावत होतं. "त्याला बी तुमी हेच म्हणलतात."

"म्हणले होते. चुकले. दहांमध्ये एकदा चुकत असेन मी. तुम्ही ते एकदाचं धरून बसलाय."

"त्या एकदाचं नाव धारूर हाय मॅडम. मला तेच दिसतंय, तीन पायावर. बाकीचे नऊ मला कुठं दिसतेत?"

मॅडमनी दुखणं कमी व्हायचं औषध दिलं अन् गेल्या. मला विचाराल तर दोघंबी खरं बोलत होते, अन् मला दोघांचाबी आवाज काढता येतो, म्हणून मला बाजू घेता येत न्हाई.

त्याच दिवशी दुपारी चाचा आले. केळीच्या गाड्यावर केळी नव्हती, पोतं होतं अन् पोत्यावर तांबडं कुत्रं. उसाच्या ट्रॅक्टरनं खांद्यापासून पुढचा पाय सोलून काढला होता. पण डोळे उघडे, शेपूट हलत होती.

कंडक्टर जाळीच्या दारात आडवे उभे राह्यले. "सीट न्हाई उस्ताद."

"खडा रख ना फिर."

"उभे अकरा झालेत."

"ब्याण्णव लेनेवाला आदमी तू. आता पचपन का हिशोब सांगतो मेरेकू?"

"ब्याण्णव घेतले तव्हा कुणी खरूज घेऊन घरी गेलं न्हाई. मागं काय झालं तूच पाह्यलंस. खड्डे तूच खांदलेस."

आतून कपिलधार वरडायली होती. चाचांनी तिकडं बघितलं, मग हळूच म्हणले, "जिसका ठिकाना आ गया, उसको उतार दे. इसको ले."

"कुणाला उतरवू? तू बोट दाखव."

चाचांचा हात गाड्याच्या दांडीवरच राह्यला. बोट काही उठलं न्हाई. मग त्यांनी गाडा वळवला. वीस वर्षं ज्या माणसाच्या बेलवर ते थांबले अन् निघाले, त्याच्याकडं त्या दिवशी त्यांनी मागं वळून बघितलं न्हाई.

तांबडं कुत्रं स्टँडसमोर गाड्याखाली सावलीत राह्यलं. चाचा केळी विकता विकता त्याला पाणी पाजायचे. मॅडम रोज येऊन जखम धुवायच्या, पट्टी करायच्या. म्हणायच्या, जखम भरेल ही, फक्त स्वच्छ जागा पाहिजे, अन् चार भिंती. स्टँडसमोर चार भिंती कुठल्या? धूळ, माश्या, अन् स्टँडावरची दांडगी कुत्री. दवाखान्यात मुक्कामाला जागा न्हाई, मॅडमच्या क्वार्टरला कुत्रं चालत न्हाई, चाचांच्या घरात दोन खोल्या अन् नऊ माणसं. माझं घर माळ्यावर. मी म्हणलं असतं तर जमलं असतं का? मी म्हणलंच न्हाई. कंडक्टर हायत की, असंच सगळ्यांसारखं मला बी वाटत होतं.

त्या दिवसांत कंडक्टर बाजारात आले न्हाईत. कपिलधारजवळच उभे. चमच्यानं पाणी घालायचे, ते बी ती ओकायची. मी एकदा गेलतो तर मला म्हणले, "भोंग्या, काय तरी बोल बे. कुणाचा बी आवाज काढ. हिचा ऐकू येऊ नये असं काय तरी." मी साडीचा सेल लावला, बियाणं लावलं. लई येळ बोललो. तिचं चालूच.

चौथ्या दिवशी दुपारी चाचा आले. गाडा न्हाई, नुसतेच. जाळीच्या बाहेर उभे राह्यले. "गया वो," म्हणले. "टोळी आयी, मैं नमाज को गया था. पट्टी थी ना, भाग नै सका." मग जाळीला धरून म्हणले, "नाम भी नै रखा उसका. तेरे पास चढा होता तो नाम मिलता."

कंडक्टर आत गेले. मी जाळीतून बघत होतो. कपिलधारच्या गाड्याच्या दोऱ्या सोडल्या. चाकं बाजूला ठिवली. तिचं डोकं मांडीवर घेता यावं म्हणून ते खाली बसले. नोकरीची तीस अन् रानातली पाच, पस्तीस वर्षांत गाडीत बसलेलं त्यांना मी तरी पहिल्यांदा बघत होतो, अन् चाचा बी पहिल्यांदाच बघत होते, कारण त्यांनी माझा दंड धरला.

"मॅडमला फोन लाव," आतून आवाज आला.

मी फोन लावला. मॅडम येईपर्यंत ते तिच्या कानावरच्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत होते. मला म्हणले, "पाटी मी हिच्यासारख्यांसाठी लिहिली व्हती रे. चार दिस मी हिला पाटीसाठी ठिवली. अन् तिकडं एक बिनपाटीचं गेलं."

मॅडमनी दोन सुया दिल्या, आधी झोपेची, मग दुसरी. कपिलधार वरडायची थांबली तव्हा सगळ्या गाडीतली कुत्री एकदम गप झाली. एवढी शांतता तिथं मी कधी ऐकली नव्हती. सुई झाल्यावर मॅडम उठल्या न्हाईत, तिथंच बसल्या. म्हणल्या, "काका, ह्याचा अर्थ असा नाही की मी म्हणेन त्याला तुम्ही मान हलवायची. मी धारूरलाही हेच म्हणाले होते. तुम्ही भांडला नसतात तर माझ्या स्कूटीचं सीट आज शाबूत असतं. भांडत जा."

"भांडणारच हाय," कंडक्टर म्हणले. "तुमी काय समजायलाव."

खड्डा ह्या बारीला कंडक्टरांनी स्वतः खांदला. चाचांनी फावडं मागितलं तर दिलं न्हाई, पण माती ओढायला दिली. तिथंच तिघांचं ठरलं. सुई द्यायची का न्हाई, ते तिघांनी मिळून ठरवायचं: मॅडम, उस्ताद, कंडक्टर. एक जरी न्हाई म्हणला तर न्हाई. अन् ज्याला दिसतंय त्यानं बोट दाखवायला लाजायचं न्हाई. पाटी पुसली न्हाई. तिच्यावर शब्द बी वाढवला न्हाई. मी म्हणलं, काका, पाटी आता खोटी झाली की. तर म्हणले, "खोटी न्हाई. अर्धी हाय. अर्धी आपल्याला तोंडानं सांगावी लागंल."

हात धुतले, तोंड धुतलं, खाकी शर्टाची बटणं लावली. मला वाटलं आता च्या होईल, दोन गोष्टी होतील. कंडक्टर म्हणले, "चल भोंग्या. एक सीट रिकामी हाय."

"आत्ता लगेच?"

"रिकामी सीट घेऊन गाडी चालवायची म्हंजे काय? कुणीतरी उभं असंलच की रस्त्याला."

सकाळीच एका दूधवाल्याचा फोन आलता. घाटात वरच्या वळणाला रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळीत एक कुत्री हाय, पाय मोडलाय, बाहेर येत न्हाई. कंडक्टरांनी त्याला सीट न्हाई म्हणून सांगितलं होतं. आता तिथंच निघालो. रिक्षा माझी, पण चाचा म्हणले ड्रायव्हर असताना भोंग्यानं कावून चालवायची, अन् हँडल धरलं. दोघं चार दिसांत एकमेकांशी सरळ बोलले नव्हते. घाट लागेपर्यंत बोलले न्हाईत. पहिल्या वळणाला चाचांनी ब्रेक मारला अन् कंडक्टर म्हणले, "क्लच सोड की उस्ताद." चाचा म्हणले, "तू बेल मारना सीख पहले." झालं.

नळीपाशी पोचलो. मी वाकून मोबाइलचा उजेड मारला. कुत्री होती. करड्या रंगाची, हाडं मोजता येतील अशी. मागचा पाय वाकडा. तिनं दात दाखवले. अन् तिच्या पोटापाशी काहीतरी हलत होतं.

"किती?" कंडक्टरांनी विचारलं.

"पाच," मी म्हणलं. "ती धरून सहा."

चाचांनी टोपी काढली, परत घातली. "सीट एकच हाय," ते म्हणले.

कंडक्टर गुडघ्यावर बसले. भाकरीचा तुकडा पुढं धरला. कुत्रीनं लई येळ घेतला, मग मान पुढं काढली. ते तिच्याशी बोलायले होते का आमच्याशी, मला अजून सांगता येत न्हाई. म्हणले, "बाई एकटी हाय. सोबत बारकी पोरं. मांडीवर बसली तर सीट लागत न्हाई."

"हा कायदा हाय?" मी विचारलं.

"तीस वर्षं हाच कायदा व्हता."

"और मॅडम?" चाचा म्हणले.

"मॅडमला भांडू दे की. त्यांचं बी काम हाय ते. म्हणावं वीस दिस मपल्या घरात ठिवतो वेगळी, कुणाला काय लागायचं न्हाई. काकू तशीबी पुण्यालाच हाय. त्या तांबड्याच्या येळीच हे सुचायला पायजे व्हतं."

मग चढवली. कुत्रीला पोत्यावर घेऊन खाली पायाशी ठिवलं. दोन पिल्लं माझ्या मांडीवर. दोन कंडक्टरांच्या शर्टात, वरची बटणं काढून. पाचवं चाचांनी मागून घेतलं, हँडल एका हातात, पिल्लू दुसऱ्या. उतार सुरू झाला तसं माझ्या मांडीवरच्या एकानं गरम गरम सोडलं, मी हललो न्हाई.

कुत्री पोत्यावरून मान उचलून बघत होती. आधी माझी मांडी, दोन. मग कंडक्टरांचा शर्ट, दोन. मग पुढं चाचांच्या हातात, एक. मान टाकायची, अन् जरा येळानं परत माझ्या मांडीपासून सुरू करायची.